बोटं आवळून दिलेलं माप

माझी लेक मुक्ता पुण्यात असते आणि दर आठवड्याला फोनवरून मला काहीतरी नवीन शिकवते. मागच्या खेपेला तिनं बेअरफूट बूट शिकवले. डिसेंबरात ती मला आणि नलूला हिमालयाच्या पायथ्याच्या कुठल्याशा गावी नेणार आहे. रोज झेपेल तेवढं डोंगरात चालायचं, जमलं तर बर्फ बघायचा, आणि त्यासाठी म्हणे हेच बूट हवेत. तळवा पातळ, टाच अजिबात नाही, पुढे बोटांना पसरायला ऐसपैस जागा, आतून लोकर, बाहेरून पाणी न शिरणारं चामडं. पाय अनवाणी असल्यासारखा वाटतो, असं ती म्हणाली. मी म्हटलं, अनवाणीच वाटायचं असेल तर बूट कशाला घ्यायचे, चपला काढून ठेवते की. ती हसली नाही. तिनं चार जोड्यांचे फोटो पाठवले आणि घोट्यापर्यंतचे हवेत की त्याहून उंच, एवढंच विचारलं. फोटो बघताना मला नाकाशी जवसाच्या तेलाचा वास आला. असे बूट मी चौदाव्या वर्षी घातले आहेत. संग्रामपूरला एसटी स्टँडच्या मागे रशीदचाचा ते करत, आणि त्या बुटांपायी मी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नलूला तर नाहीच नाही.

नलू माझी चुलत बहीण, मेहकरच्या मोठ्या काकांची मुलगी. माझ्याच वयाची. तिची आई गेली आणि काकांना एकट्यानं मुलगी सांभाळणं जमेना, तेव्हा अण्णा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. अण्णा म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून. आम्ही संग्रामपूरलाच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. समोर पिठाची गिरणी होती, तिच्या इंजिनाची पुकपुक दिवसभर चाले, आणि ती बंद पडली की घरात सगळ्यांना कान गेल्यासारखं वाटे. आई पहाटे भाकरी थापायला बसे. त्या थपथप आवाजानं मी जागी व्हायची आणि पहिली भाकर तव्यावरून थेट माझ्या ताटात यायची. नलू पत्र्याची पेटी घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती भाकर तिच्या ताटात जाऊ लागली. आईनं मला बाजूला घेऊन समजावलं होतं की बिचारीला आई नाही. मला ते कळत होतं, आणि तरी मी रोज त्या भाकरीकडे बघत बसायची. वर ठेचा असे, त्यामुळे डोळ्यांत पाणी का आलं हे कोणी विचारत नसे.

त्यातून नलू दिसायला देखणी, बोलायला मऊ, आणि तिचे पाय. पायांबद्दल इतकं लिहिणं बाकीच्यांना विचित्र वाटेल, पण आमच्या घरी मुलींचे पाय हा चर्चेचा विषय होता. मुलगी बघायला येणारी माणसं आधी तिला चालायला लावतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले. नलूचे पाय अरुंद, लांब बोटांचे, टाच केळीच्या सोपटासारखी गुळगुळीत. माझे फताडे. मला चपलांचा कंटाळा, शाळेतून येताना त्या हातात घेऊन मी शेताच्या बांधावरून पळत यायची. त्यामुळे बोटं पंख्यासारखी पसरलेली आणि टाचांना भेगा. आत्या आली की दोघींना शेजारी उभं करून बघायची आणि माझ्याकडे पाहून ‘हिले कोन्या घरी द्याव’ असं म्हणून हसायची. भरीत भर म्हणजे नलू आल्यावर दोन महिन्यांत अण्णांना कित्येक वर्षं अडकलेली बढती मिळाली, ते अव्वल कारकून झाले. गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक जण म्हणाला, पोरीचा पायगुण. मी त्या घरात चौदा वर्षं होते. माझ्या पायगुणाचं कोणी कधी नाव काढलं नव्हतं.

त्या थंडीत आमच्या शाळेच्या खेळाच्या बोंडेबाईंनी सातपुड्यात मुलींचं तीन दिवसांचं पदभ्रमण ठरवलं. बारा मुली जाणार होत्या आणि त्यांतल्या एकीला पुढे मनालीकडच्या बर्फातल्या शिबिराला पाठवायचं होतं. जिल्ह्यातून दहाएक मुली, आमच्या शाळेतून फक्त एक. मी बर्फ म्हणजे स्टँडवरच्या गोळेवाल्याकडे पोत्यात गुंडाळलेली लादी, एवढाच पाहिला होता. पण मला जायचंच होतं. चालण्यात मला कोणी हरवू शकत नाही ही एकच गोष्ट माझ्याजवळ होती, जी नलूजवळ नव्हती. मग नलूनंही नाव दिलं. तिला चालायची हौस होती की नव्हती कोण जाणे. मला वाटलं, हेही हिला हवं झालं.

बाईंनी सांगितलं होतं की बूट लागतील. अकोल्याच्या दुकानात मी काचेमागे जाड तळव्याचे, उंच टाचेचे, लाल नाडीचे बूट पाहिले होते आणि मी अण्णांकडे त्यांचाच हट्ट धरला. अण्णा आम्हा दोघींना घेऊन निघाले ते थेट रशीदचाचांकडे. चाचांचं दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. आत चामड्याचा, डिंकाचा आणि जवसाच्या तेलाचा मिळून एक जड वास. जंगलखात्याचे गार्ड सगळे त्यांच्याचकडून बूट करून घेत. मी नाक मुरडलेलं चाचांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी एक तयार बूट माझ्या हातात दिला आणि वाकवायला सांगितला. तो दोन बोटांनी वाकला. तळव्याला चामड्याचा एक थर आणि खाली सायकलच्या टायरची पातळ पट्टी, बस. टाच नाही. पुढचा भाग बदकाच्या चोचीसारखा रुंद. मला तो इतका गावठी वाटला की रडू आलं.

“जाड तळव्याचा बूट घातला का पायाले दगड दिसत नाही,” चाचा म्हणाले. “मंग मुरगळते. आन् थंडी बाहेरून येत नसते बेटी, आवळलेल्या बोटाइतून येते. बोटं हालली पायजे, तं रगत फिरते, तं पाय गरम राह्यते. म्हून जागा मोठी.”

आता मुक्तानं पाठवलेल्या फोटोंखाली हेच सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. मी तिला रशीदचाचांचं सांगितलं तर ती म्हणाली, हो का, कूल.

माप घ्यायची चाचांची पद्धत ठरलेली होती. सकाळी माप घेत नसत, संध्याकाळीच, कारण दिवसभर वापरून पाय फुललेला असतो. बसून नाही, उभं राहून, पूर्ण भार देऊन. लोकरी मोजा घालून. खाली पिवळा कागद, आणि कानावरची पेन्सिल काढून ते पायाभोवती सावकाश रेघ ओढत. आधी नलूची पाळी होती. रेघ पुरी झाल्यावर चाचांनी कागद उचलून उजेडात धरला आणि अण्णांना म्हणाले की असा पाय करायला मजा येते. अण्णा हसले. ते हसू मी आजही विसरलेले नाही. फार साधं होतं, बापानं मुलीबद्दल ऐकून हसावं तसं.

मग मी कागदावर उभी राहिले. नलू शेजारीच वाकून बघत होती. आणि मी मोज्याच्या आत सगळी बोटं आवळून घेतली. करंगळी आत दुमडली, अंगठा दाबून धरला, पाय जेवढा अरुंद होईल तेवढा केला. पोटरीत गोळा आला तरी सोडला नाही.

“पाय मोकळा सोड बेटी,” चाचा म्हणाले.

मी मोकळाच आहे म्हटलं.

त्यांनी पेन्सिल थांबवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. “खोटा पाय देशीन तं जोडा बी खोटाच होईन.”

अण्णांना कचेरीचं काम होतं, ते घाई करत होते. चाचांनी मान हलवून रेघ ओढली. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा माझा पाय नलूच्या पायाएवढाच दिसत होता. त्या संध्याकाळी मी घरापर्यंत उड्या मारत गेले. मूर्खपणाला वय नसतं म्हणतात, पण चौदाव्या वर्षाचा मूर्खपणा काही वेगळाच असतो.

बूट आठ दिवसांत आले. घातल्याबरोबर मला कळलं काय झालं ते. पण सांगणार काय आणि कोणाला? माप चुकलं म्हणावं तर अण्णा चाचांना जाब विचारणार, आणि चाचा सांगणार की पोरीनं बोटं आवळली होती. मग का आवळली हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर शेजारीच बसून आपल्या बुटाला तेल लावत होतं. मी आरशासमोर चालून दाखवलं आणि छान आहेत म्हणाले. चाचांनी बूट देताना आम्हा दोघींना एकच ताकीद दिली होती. भिजले तर आत वाळलं गवत कोंबायचं आणि सावलीत ठेवायचे, आगीजवळ कधी नाही. ओल्या चामड्याला आग दाखवली की त्याचा पापड होतो.

सातपुड्यात पौषातली थंडी कशी असते हे खाली गावात बसून कळत नाही. सकाळी गवतावर पांढरं पडलेलं असे आणि तोंडातून वाफ निघे. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होते, पण दुपारपर्यंत माझी बोटं बधिर झाली. चाचा म्हणाले होते तसंच, आवळलेल्या बोटांतून थंडी वर चढत होती. नलू मागून हळूहळू, एका चालीनं येत होती. तिचे पाय त्या बुटांत मजेत होते. चढावर मी दम घ्यायला थांबले की ती मला गाठायची आणि विचारायची, शोभे, बरं हाये ना? त्या विचारण्याचा मला इतका राग यायचा की मी उत्तर न देता पुढे जायची.

दुसऱ्या दिवशी एक नाला ओलांडताना सगळ्यांचेच बूट भिजले. मुक्कामाला पोचलो तेव्हा ऊन होतं अजून. वनरक्षकानं गोवऱ्या पेटवून दिल्या आणि बाईंनी रोडग्यांचा बेत जाहीर केला. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या राखेत भाजायचे, वर तूप आणि वांग्याची भाजी. पीठ मळायला बाईंनी नलूला बोलावलं, कारण तिनं सकाळी केलेल्या भाकरी बाईंना आवडल्या होत्या. तिनं बूट काढून माझ्या हातात दिले.

“माहे बी ठेवजो शोभे तुह्यासंग. आगीपासून लांब.”

बाई तिच्याकडे बघून कौतुकानं काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, फक्त त्यांचा चेहरा दिसला. अण्णांचा दुकानात होता तसाच. मी माझ्या बुटांत गवत कोंबलं आणि ते सागाच्या बुंध्याशी नेऊन ठेवले. नलूचे मी गोवऱ्यांच्या ढिगापलीकडे ठेवले, हातभर अंतरावर. गोवऱ्यांना ज्वाळ नसते, वरून नुसती राख दिसते, बघणाऱ्याला वाटतं विझलेलंच आहे. मी मनाशी म्हटलं, जेवण होईपर्यंत राहू दे, मग हलवीन. जेवण झालं. रोडगे फार सुरेख झाले होते, मी तीन खाल्ले. बूट हलवायचं मी विसरले नव्हते. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही विसरले असंच सांगत आले.

सकाळी नलूचे बूट लाकडासारखे झाले होते. पुढची चोच वर वळलेली, चामड्याला तडे, आत पाय शिरेना. मुली भोवती जमल्या. बाईंनी विचारलं, आगीजवळ कोणी ठेवले? मी सागाच्या बुंध्याशी उभी होते, माझे चांगले वाळलेले बूट हातात घेऊन. सगळ्यांना दिसत होतं की माझे कुठे होते आणि तिचे कुठे.

नलू म्हणाली, “मीच ठेवले बाई. ध्यानात राह्यलं नाही.”

बाई चिडल्या. ज्या मुलीला स्वतःचे बूट सांभाळता येत नाहीत ती बर्फात काय करणार, असं काहीसं बोलल्या आणि नलूला वनखात्याच्या जीपनं परत पाठवायचं ठरवलं. मला हवं होतं ते झालं होतं. आणि मला आनंद झाला नाही असं मी लिहिणार नाही, झाला. पण त्याच्या आतच एक नवीन मत्सर उठला. इतक्या सहज खोटं बोलून दुसऱ्याला वाचवणं हेही हिलाच कसं जमतं? मला ते जमलं नसतं. सगळं चांगलं हिच्याच वाट्याला, चांगुलपणा सुद्धा.

मग मी पुढे झाले आणि माझे बूट नलूपुढे ठेवले. म्हटलं, हे घाल, मी अनवाणी चालते, मला सवय आहे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणाला सांगणार की माझ्या दोन्ही करंगळ्या सुजून निळ्या पडल्या होत्या आणि त्या बुटांत मला आणखी एक पाऊलही टाकता आलं नसतं! अनवाणी मी सगळ्यांना मागे टाकेन हे मला ठाऊक होतं, आणि बाई बघत आहेत हेही. नलूनं माझे बूट घातले. नाड्या बांधल्या, उठली, चार पावलं चालली. एक मुलगी म्हणाली, अगं, हे तर तुझ्याच मापाचे वाटतात. नलूनं खाली बुटांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

त्या दिवशी गार दगडांवरून मी हरणासारखी चढले. बाईंनी शिबिरासाठी मला निवडलं. सोमवारी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं की शोभानं आपले बूट बहिणीला दिले, असं मन असावं. टाळ्या वाजल्या. नलू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. घरी अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिली भाकर माझ्या ताटात आली. मी ती खाल्ली. चव आठवत नाही.

मनालीला मी तेच बूट घालून गेले. दुसरे मागायचे तर माप पुन्हा द्यावं लागलं असतं. रशीदचाचा, तो पिवळा कागद, आणि शेजारी अण्णा. त्यापेक्षा मी लोकरी मोजा काढून पातळ सुती मोजा घातला आणि बोटं आवळून आठ दिवस बर्फात काढले. बर्फ कसा होता असं लोक विचारत तेव्हा मी पुष्कळ वर्णन करायची. खरं सांगायचं तर मला फक्त माझे पाय आठवतात. उजव्या करंगळीचं नख तिथेच गेलं. पुन्हा आलं ते वाकडं, अजून तसंच आहे. परत आल्यावर नलूनं कोमट पाण्यात हळद घालून माझे पाय शेकले. तिचे नितळ पाय माझ्यासमोर दुमडलेले होते म्हणून मी डोळे मिटून घेतले.

पुढे तिचं लग्न मेहकरातच झालं, माझं बुलढाण्याला. मत्सर काही संपला नाही. तिचा नवरा माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त बोलका निघाला, तिचे केस उशिरा पिकले, तिची सून तिला आई म्हणते. मी हे सगळं मनात टिपून ठेवत आले. आणि तरीही दुखलं खुपलं की मी फोन तिलाच करते. आमच्यात हे असंच चालत आलं आहे.

तर मुक्ताच्या बुटांचं. ज्या कंपनीचे तिनं शेवटी निवडले ती पायाची आकृती मागते. कागदावर उभं राहायचं, संध्याकाळी, लोकरी मोजा घालून, पूर्ण भार देऊन, आणि दुसऱ्या कोणीतरी पेन्सिल फिरवायची. ते मी दोनदा वाचलं. परवा नलू एसटीनं आली. संध्याकाळी चहा झाल्यावर मी तिच्या पायाची आकृती काढली. वयानं तिचे पायही पसरले असतील अशी मला आशा होती. फारसे पसरलेले नाहीत. मग ती गुडघ्याला हात देत माझ्यासमोर खाली बसली आणि मी नव्या कागदावर उभी राहिले. पेन्सिल टाचेकडून निघाली, बाहेरच्या कडेनं पुढे आली आणि करंगळीपाशी थांबली.

“आता तरी सोड बोटं,” नलू म्हणाली.

मी खाली पाहिलं. मोज्याच्या आत बोटं आवळलेली होती. मी आवळलीत हे मलाच कळलं नव्हतं. तिचं डोकं वाकलेलं होतं, मला फक्त तिचा भांग दिसत होता, आता पांढरा झालेला.

“नले,” मी म्हटलं, “ते गोवऱ्यांपाशी तुहे बूट...”

“हालू नको. रेघ बिघडते.”

मी बोटं सोडली. ती एकेक करून पसरली आणि करंगळी कागदाच्या बाहेर गेली. नलूनं शेजारी दुसरा कागद सरकवला, हातानं सपाट केला, आणि उरलेली करंगळी त्याच्यावर काढली.